दंडावरचा वण: एका सौंदर्यशस्त्रक्रियेचा इतिहास

उतारवयात, किंवा वजन मोठ्या प्रमाणात घटल्यानंतर, खांद्यापासून कोपरापर्यंतच्या दंडाच्या खालच्या अंगाची त्वचा सैल पडते आणि हात आडवा पसरला की झोळीसारखी लोंबू लागते. ही वाढीव त्वचा तिच्याखालच्या चरबीसह कापून काढायची आणि उरलेल्या त्वचेच्या कडा एकमेकींना शिवायच्या, या शस्त्रक्रियेला वैद्यकाच्या परिभाषेत ब्रेकिओप्लास्टी म्हणतात. वैद्यकीय ग्रंथांत तिचा इतिहास बहुधा १९५४ सालापासून सांगितला जातो, कारण केवळ दंडाच्या सौष्ठवासाठी योजलेल्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र वर्णन त्या वर्षी अर्जेंटिनातील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा शल्यविद्येच्या नजरेत त्याआधी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ भरलेली होती, आणि तेव्हा ती टाकून देण्याजोगी नव्हे, तर जपून उचलून दुसरीकडे लावण्याजोगी गोष्ट मानली जात होती. या दोन टोकांमधला प्रवास नीट पाहिला, तर आज ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीने कशाची अपेक्षा ठेवावी, याचे उत्तर त्या इतिहासातच मिळते: शरीराचा एक भाग सुधारायचा तर दुसरीकडे कुठेतरी वण स्वीकारावा लागतो, आणि प्रत्येक काळातील शल्यचिकित्सकांची बुद्धी तो वण कुठे ठेवावा, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे.

शरीराच्या एका भागाची त्वचा दुसऱ्या भागाच्या दुरुस्तीसाठी वापरण्याचे जुने आणि तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात आहे. तेथे कापलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन, त्या मापाने गालाची त्वचा उचलून, ती एका बाजूने गालाला जोडलेली ठेवूनच नाकाच्या जागी बसवण्यास सांगितले आहे. एका बाजूने जोडलेली ठेवण्यामागचे कारण साधे आणि फार महत्त्वाचे आहे: त्वचेला रक्ताचा पुरवठा चालू राहिला तरच ती जगते. अशा अंशतः जोडलेल्या त्वचेच्या तुकड्याला आजच्या शल्यचिकित्सेत फ्लॅप म्हणतात, आणि पुढचा सगळा इतिहास या फ्लॅपचा आहे.

युरोपात हे काम दीर्घकाळ विद्यापीठांबाहेरच्या घराण्यांकडे होते. पंधराव्या शतकात सिसिली बेटावरील कातानिया येथील ब्रांका घराणे नाक जोडून देण्यासाठी प्रसिद्ध होते. बापाने चेहऱ्यावरची त्वचा वापरली, तर अंतोनिओ या मुलाने चेहऱ्यावर नवी खूण नको म्हणून दंडाची त्वचा निवडली. वणाची जागा बदलण्याचा हा पहिला मोठा निर्णय होय. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ, मऊ आणि बहुधा केसविरहित असते, उन्हापासून झाकलेली राहते, खालच्या स्नायूला सैलसर चिकटलेली असल्याने सहज उचलता येते, आणि हात डोक्यावर घेतला की ती नाकापर्यंत पोहोचते. पुढे इटलीच्या दक्षिणेकडील कालाब्रिया प्रांतातही हे कसब एका घराण्यात चालत राहिले, पण ते पिढीजात गुपित म्हणूनच.

हे गुपित ग्रंथबद्ध केले ते बोलोन्या विद्यापीठातील प्राध्यापक गास्पारे ताल्याकोझ्झी (१५४५–१५९९) यांनी. त्यांचा लॅटिन ग्रंथ १५९७ साली व्हेनिस येथे छापला गेला. तलवारबाजीत किंवा उपदंशामुळे नाक गमावलेल्यांची संख्या त्या काळी लहान नव्हती, आणि अशा माणसाला समाजात तोंड दाखवणे अवघड होई. ताल्याकोझ्झींच्या पद्धतीत प्रथम दंडाच्या स्नायूवर दोन समांतर छेद घेऊन मधली त्वचा खालून मोकळी केली जाई आणि ती पुन्हा चिकटू नये म्हणून तिच्याखालून तागाच्या कापडाची पट्टी ओवून ठेवली जाई. दोन्ही टोकांनी जोडलेली ही त्वचा काही दिवसांत रक्तपुरवठ्याची नवी सवय करून घेई. मग तिचे एक टोक सोडवून ते नाकाच्या थोटकाला शिवले जाई. यानंतरचा भाग रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत कठीण होता. त्याला टोपीसह शिवलेला एक खास अंगरखा चढवून, त्याचा हात डोक्याशी पट्ट्यांनी घट्ट आवळून, सुमारे तीन आठवडे त्याच अवस्थेत ठेवले जाई. तेवढ्या काळात त्वचा चेहऱ्यावर रुजली, म्हणजे दंडाकडचे टोक कापून हात मोकळा केला जाई आणि पुढे नाकपुड्यांचा आकार घडवण्याचे काम चाले. ग्रंथातील चित्रांमध्ये हा अंगरखा, त्याच्या गाठी आणि पट्ट्या इतक्या बारकाईने दाखविल्या आहेत की एखाद्या शिंप्याने त्यावरून कापड बेतावे. दंडावरची जखम आपोआप भरून येई आणि तिथे रुंद वण उरे. पण तो बाहीखाली झाकला जाई, आणि हाच या सौद्याचा फायदा होता. बोलोन्याच्या जुन्या शरीरशास्त्र सभागृहात हातात नाक धरलेला ताल्याकोझ्झींचा लाकडी पुतळा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र ही पद्धत हळूहळू मागे पडली, आणि पुढची दोन शतके युरोपीय शल्यविद्येत तिला फारसे कोणी हात लावला नाही.

या विस्मृतीतून युरोपाला जाग आली ती पुण्यामुळे. १७९२ साली संपलेल्या तिसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला, आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर नाकाविना काढल्यानंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. पुण्यातील इंग्रज वकिलातीचे शल्यवैद्य थॉमस क्रूसो आणि त्यांचे सहकारी जेम्स फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया समक्ष पाहिली. पेशव्यांच्या दरबारातील व्यक्तींची चित्रे काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र रेखाटले, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या साऱ्याचे वर्णन चित्रासह छापून आले.

त्या वर्णनातील कृती लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा, मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ आखायची. त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती त्वचा उलटी फिरवून नाकाच्या जागी, त्यासाठी आधी सोलून ताज्या केलेल्या कडांमध्ये बसवायची. जोडावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून चार दिवस तसेच ठेवायचे, नंतर तुपात भिजवलेले कापड घालायचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापून टाकायची. कात आणि तूप या घरोघरी सापडणाऱ्या गोष्टींच्या आधाराने, भुलीच्या औषधाशिवाय, रक्तपुरवठ्याचे तत्त्व अचूक सांभाळून हे काम करणाऱ्या माणसाचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. ज्या वृत्तांतात पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत, रुग्णाचे नाव आहे, चित्रकाराचे नाव आहे, त्यात करणाऱ्याचे नाव नसावे, ही उणीव महाराष्ट्राच्या वैद्यकेतिहासाला कायम बोचत राहील. पुण्याच्या आणि बोलोन्याच्या पद्धतींत मूलभूत फरक होता तो किमतीचा. पुण्यात रुग्णाचा हात तीन आठवडे डोक्याला जखडावा लागत नसे, पण वण कपाळावर, सगळ्यांना दिसेल असा राही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली पुण्याच्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल फॉन ग्रेफे यांनी दंडाची पद्धत पुन्हा वापरून पाहिली. पुढील शंभर वर्षे या दोन्ही पद्धती नांदल्या, आणि पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये उपचार करणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांनी त्वचेची नळी करून ती टप्प्याटप्प्याने हवी तिथे नेण्याचे तंत्र रूढ केले, तेव्हा हातही त्या प्रवासातला एक मुक्काम झाला.

त्वचा उसनी घेण्याऐवजी ती केवळ आकारासाठी कापून टाकावी, ही कल्पना यायला आणखी काही गोष्टींची गरज होती. १८४६ मध्ये ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाली आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखम जंतूंपासून वाचवण्याची पद्धत मांडली; या दोहोंशिवाय निरोगी माणसाच्या अंगावर लांबच लांब छेद घेण्याचे धाडस कोणी केले नसते. १८९९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी पोटावरची लोंबती चरबी आडव्या छेदाने काढून टाकल्याची नोंद केली. पोटावरचा वण कपड्याखाली राहतो; दंडाची गोष्ट वेगळी होती, कारण दंड उघडा पडू लागला होता तोच मुळी नव्या पोशाखामुळे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील फॅशनच्या मासिकांत बिनबाह्यांच्या झग्यांबरोबर काखेतले केस काढण्याच्या जाहिराती येऊ लागल्या, आणि १९२० च्या दशकात उघडा हात हा शहरी स्त्रीच्या वेशाचा नित्याचा भाग बनला. महाराष्ट्रात चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत येत, आणि दंडावर घट्ट बसणारी वाकी किंवा बाजूबंद भरलेल्या दंडावरच शोभतो अशी दृष्टी होती. त्यामुळे दंड बारीक असावा ही अपेक्षा इथे नंतर आली, आणि ती बिनबाह्यांच्या पोलक्याबरोबरच आली. ज्या अवयवाकडे कोणी पाहत नव्हते त्याचे दोष मोजले जाऊ लागले, याचे श्रेय किंवा दोष शल्यविद्येपेक्षा पोशाखाकडे अधिक जातो.

हंगेरीत जन्मलेले आणि शिकागोत काम करणारे शल्यचिकित्सक मॅक्स थोरेक यांनी १९३० मध्ये स्त्रियांचे स्तन, पोट आणि दंड यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेवर निबंध लिहिला. परंतु दंडाला स्वतंत्र विषयाचा मान मिळाला तो १९५४ साली, कोरेआ-इतुर्रास्पे आणि फर्नांदेस या दोन शल्यचिकित्सकांच्या लेखामुळे. त्यानंतरची तीन दशके या शस्त्रक्रियेची वाढ मुख्यतः लॅटिन अमेरिकेत झाली. ब्राझीलमध्ये इवो पितांगी आणि रिकार्दो बारौदी यांनी १९७५ मध्ये, तर अर्जेंटिनात हुरी बंधूंनी आणि मेक्सिकोत गेरेरोसांतोस यांनी १९७९ मध्ये आपापल्या पद्धती मांडल्या. समुद्रकिनाऱ्यावरचे उघडे जीवन हे कारण सांगून थांबणे अपुरे ठरेल. पितांगी यांनी डिसेंबर १९६१ मध्ये नितेरोई येथील सर्कशीला लागलेल्या भीषण आगीतील भाजलेल्या रुग्णांवर उपचार केले होते, आणि रिओ दि जानेरोच्या सांता कासा या धर्मादाय रुग्णालयात ते गरिबांसाठी विभाग चालवीत. तिथे देशोदेशींचे तरुण शल्यचिकित्सक शिकायला येत आणि शिकलेली पद्धत आपापल्या देशी घेऊन जात. सौंदर्यशस्त्रक्रिया हा केवळ श्रीमंतांचा हक्क नाही, ही त्यांची भूमिका वादग्रस्त ठरली तरी प्रामाणिक होती.

या सर्व पद्धतींचा गाभा एकच होता: दंडाच्या आतल्या बाजूला काखेपासून कोपराकडे जाणारा, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता असा त्वचेचा पट्टा काढायचा आणि कडा जुळवायच्या. अडचण अशी की कोणताही वण भरताना आक्रसतो, आणि काखेतून सरळ जाणारा वण आक्रसला की हात वर करताना तो दोरीसारखा ताणून धरतो. त्यावर उपाय म्हणून काखेत सरळ रेघ न ओढता ती इंग्रजी झेड अक्षराप्रमाणे वाकडी नेण्याची, किंवा टी अक्षरासारखी आडवी जोड देण्याची युक्ती निघाली. वाकड्या रेघेमुळे ताण वेगवेगळ्या दिशांना वाटला जातो आणि सांधा मोकळा राहतो. दुसरी अडचण मात्र या युक्त्यांनी सुटली नाही. शिवण काही महिन्यांत रुंद होई, जागेवरून खाली सरके, आणि दंडाचा आकारही पुन्हा सैल पडे. बाहीखाली लपावा म्हणून घेतलेला वण उघड्या हातावर नेमका नजरेत येई. परिणामी १९८० च्या दशकात अनेक शल्यचिकित्सक ही शस्त्रक्रिया सुचवायलाच कचरू लागले.

त्याच दशकात एक वेगळा मार्ग खुला झाला. चरबी छेदाऐवजी छोट्या छिद्रातून काढण्याचा प्रयत्न १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये एका नर्तिकेच्या पायावर झाला होता, पण तो पाय कुजून अखेर कापावा लागला, आणि त्या भयंकर अनुभवाने ही कल्पना कित्येक वर्षे मागे ढकलली. १९७० च्या दशकात रोममध्ये जॉर्जिओ फिशर यांनी आणि पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी पोकळ नळीतून चरबी शोषून घेण्याचे तंत्र उभे केले. इलूझ यांच्या नळीचे टोक बोथट होते, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तुटण्याऐवजी बाजूला सरत. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी भुलीचे पातळ औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात आधी टोचण्याची पद्धत दिली, आणि रक्तस्राव खूपच कमी झाला. लायपोसक्शन या नावाने आज सर्वांना माहीत असलेल्या या तंत्रामुळे दंडाच्या रुग्णांची प्रथमच नीट विभागणी करता आली. ज्यांची त्वचा अजून लवचिक आहे आणि तक्रार केवळ चरबीची आहे, त्यांना लांब वणाची गरज उरली नाही. ज्यांची त्वचा काखेजवळच थोडी सैल आहे, त्यांना काखेत लपणारा छोटा छेद पुरू लागला. आणि ज्यांची त्वचा कोपरापर्यंत लोंबते, त्यांना लांब छेदाला पर्याय नाही, हेही तितकेच स्पष्ट झाले. चरबी शोषून घेतली की त्वचा आपोआप आवळेल, ही समजूत सैल त्वचेच्या बाबतीत खोटी ठरते, किंबहुना लोंबणे अधिकच दिसते, हे सांगण्याची जबाबदारी शल्यचिकित्सकाची आहे.

लांब छेदाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १९९५ मध्ये, अमेरिकेतील कॅन्ससचे शल्यचिकित्सक टेड लॉकवुड यांच्या निबंधामुळे. त्यांनी आधीच्या अपयशाचे कारण शरीररचनेत शोधले. त्वचेखालच्या चरबीच्या थरातून तंतूंचा एक पातळ पण चिवट पडदा जातो. दंडाच्या बाबतीत तो कोपरापासून निघून काखेतल्या आवरणाला, आणि तिथून गळ्याजवळच्या हाडाला टांगल्यासारखा जोडलेला असतो. वयाने किंवा वजनाच्या चढउताराने हा आधार सैल पडतो, आणि त्यावर विसावलेली त्वचा खाली येते. त्यामुळे नुसती त्वचा ताणून शिवल्यास सगळा भार शिवणीवर पडतो आणि वण रुंदावतो. लॉकवुड यांनी हा आतला पडदाच काखेतल्या घट्ट आवरणाला कायम टिकणाऱ्या टाक्यांनी बांधला, म्हणजे ताण आत राहिला आणि त्वचेच्या कडा जवळपास ताणाविना जुळल्या. चाळीस वर्षे वणाची जागा हलवून जो प्रश्न सुटला नव्हता, तो वणावरचा भार हलवल्याने बराच सुटला. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा विचार हाच म्हणावा लागेल.

हा विचार अगदी वेळेवर आला. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा बहुतांश भाग वगळून अन्नमार्ग वळवण्याची स्थूलतेवरची शस्त्रक्रिया सुरू केली होती. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून करता येऊ लागली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. पन्नास-साठ किलो वजन उतरलेल्या माणसाची त्वचा त्या प्रमाणात आवळत नाही. ती दंडावरून काखेतून थेट छातीच्या कडेपर्यंत लोंबते, घडीत घाम साचून चट्टे उठतात, आणि मापाचे कपडे मिळत नाहीत. अशा रुग्णाची गरज केवळ शोभेची म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २००० साली दंडाची ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रिया ३०० हून थोड्या अधिक होत्या, तर २०१२ साली त्यांची संख्या १५,००० च्या वर गेली. स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियांबरोबरच उघड्या, घोटीव दंडांच्या प्रसिद्ध स्त्रियांची छायाचित्रेही या वाढीमागे होती, असे त्या संघटनेनेच म्हटले होते.

या नव्या रुग्णांनी नव्या अडचणीही आणल्या. शस्त्रक्रिया चालू असतानाच उघडा दंड सुजू लागतो, आणि आधी आखलेला सगळा पट्टा एकदम काढला तर कधीकधी कडा जुळतच नाहीत. म्हणून अमेरिकेतील अल अली यांनी पट्टा तुकड्यातुकड्याने कापून प्रत्येक तुकडा लगेच टाचत पुढे जाण्याचा आग्रह धरला. फ्रान्समधील पास्काल आणि ल लुआर्न यांनी २००५ मध्ये आधी चरबी शोषून घ्यायची आणि मग केवळ वरवरची त्वचा काढायची, अशी पद्धत मांडली, कारण खोल छेदात लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधले द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तुटतात आणि हाताला दीर्घकाळ सूज राहते. स्पर्शज्ञानाचा प्रश्नही असाच. कोपराच्या आतल्या हाडापासून साधारण १४ सेंटीमीटर वर एक मज्जातंतू खोल आवरणातून बाहेर येऊन मोठ्या शिरेच्या सोबतीने खाली जातो. तो दुखावला तर मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा वेदना मागे राहते. म्हणून जाणकार शल्यचिकित्सक तिथे खालच्या आवरणावर चरबीचा थर मुद्दाम शिल्लक ठेवतात.

महाराष्ट्रात आधुनिक प्लास्टिक सर्जरी, जिला मराठी परिभाषेत सुघटन शल्यचिकित्सा म्हणतात, ती सौंदर्याच्या मागणीतून उभी राहिली नाही. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभाग सुरू केला. गिलीज यांच्या परंपरेत शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी आधी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोगाने बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे सरळ करण्याचे काम आयुष्यभर केले. भाजलेले, दुभंगलेल्या ओठांचे आणि कुष्ठरोगी रुग्ण यांच्यावर हात बसलेल्या या पिढीने पुढच्यांना शिकवले, आणि त्या शिष्यपरंपरेतील कौशल्य आज खासगी रुग्णालयांत दंडाच्या शस्त्रक्रियेसाठीही वापरले जाते. आरोग्यविमा मात्र अशा शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय निकड सिद्ध झाली तरच अपवाद होतो.

या दीर्घ प्रवासानंतर शस्त्रक्रियेचे जे रूप स्थिरावले आहे, त्यात वजन किमान सहा महिने तरी स्थिर असावे, अशी पहिली अट असते. कारण नंतर वजन उतरल्यास त्वचा पुन्हा सैल पडते, आणि चढल्यास शिवणीवर ताण येतो. धूम्रपान करणाऱ्याला ते काही आठवडे आधी थांबवावे लागते, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्वचेच्या कडा मरू शकतात. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या स्त्रीच्या त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका मोठा असल्याने तिच्या बाबतीत विशेष विचार करावा लागतो. छेदाची आखणी रुग्णाला जागेपणी, बसवून किंवा उभे करून, हात खांद्याच्या पातळीत आडवा आणि कोपरात काटकोनात धरायला लावून केली जाते, कारण आडवे झाल्यावर लोंबणाऱ्या त्वचेची जागा बदलते. शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलीखाली होते आणि तिला साधारण दोन ते तीन तास लागतात. साचणारे द्रव बाहेर पडावे म्हणून काही शल्यचिकित्सक काही दिवस नळी ठेवतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे दंडावर ताणाची बाही घालावी लागते, हात उशीवर उंच ठेवावा लागतो, आणि जड वस्तू उचलणे किंवा हात डोक्याच्या वर नेणे टाळावे लागते. पाणी साचणे, टाक्यांची जागा थोडी उघडणे, काखेजवळ जखम रेंगाळणे या तक्रारी या शस्त्रक्रियेत दुर्मीळ नाहीत, आणि बहुतेक वेळा त्या मलमपट्टीने बऱ्या होतात.

वण कुठे ठेवावा, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही. एका मताचे शल्यचिकित्सक तो दंडाच्या आतल्या बाजूच्या स्नायूंमधल्या खाचेत ठेवतात, म्हणजे हात अंगाला लागून असताना तो दिसत नाही, पण हात उंचावला की समोरच्याला दिसतो. दुसऱ्या मताचे तो मागच्या बाजूला नेतात, जिथे तो स्वतःला आरशात दिसत नाही, पण मागे उभ्या असलेल्याला दिसतो, आणि तिथली त्वचा जाड असल्याने तो रुंदावण्याची शक्यताही अधिक असते. सावळ्या त्वचेत वण जाड व उंचावलेला होण्याचा, किंवा मूळ जखमेच्या कडेबाहेर वाढत जाणारा कीलॉइड होण्याचा कल अधिक आढळतो. म्हणून भारतीय रुग्णाच्या अंगावरचे जुने वण, लशीची खूण, कान टोचल्याची जागा, हे आधी तपासून घेणे शहाणपणाचे असते. पहिले काही महिने वण लाल, कठीण आणि खाजरा राहतो. सिलिकॉनच्या पट्ट्या, हलका मसाज आणि उन्हापासून बचाव यांनी तो हळूहळू निवळतो, आणि पूर्ण स्थिर व्हायला त्याला वर्ष ते दीड वर्ष लागते. तोपर्यंत तो सुधारण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करू नये, आणि त्यानंतरही एखादा भाग रुंद राहिल्यास तो जागेपुरती भूल देऊन पुन्हा शिवता येतो, असा आज या क्षेत्रातील सर्वसाधारण प्रघात आहे.